बरोबरीला एकदा, जिंकलं तर दोनदा

अमेरिकेत, प्लेनोत, शनिवारी सकाळी आमच्याकडे कुणी आलं की मला अवघडल्यासारखं व्हायचं. पाहुण्यांचा कंटाळा नव्हता मला. पण नऊ वाजले की माझं लक्ष उडायचं. पोहे परतता परतता मी घड्याळाकडे बघायचे, कुणी काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायचे, आणि साडेदहानंतर तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनपासून लांब जायचेच नाही. नागपूरच्या एक काकू आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळ्यांत वडीलधाऱ्या होत्या. त्या एकदा म्हणाल्या, "अगं, कुणी आजारी आहे का? इंडियातून फोन यायचाय?"

मी नाही म्हटलं आणि चहा टाकला. खरं सांगितलं असतं तर त्यांना माझीच काळजी वाटली असती. मी इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबचा निकाल कळायची वाट बघत होते. त्या क्लबचं नाव त्याच्या गावापासून वीस-पंचवीस मैलांवर कुणाला ठाऊक नसेल.

माझे यजमान डॉक्टर. त्यांना मी आयुष्यभर 'हे' म्हणत आले, इथेही तेच म्हणते. लग्न होऊन मी अकोल्याहून निघाले ती थेट उत्तर इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावात जाऊन पडले. हे तिथल्या हॉस्पिटलात होते. ऐंशी साल लागलं तेव्हा मुलगी माझ्या कडेवर होती, गावातल्या बहुतेक गिरण्या बंद झाल्या होत्या, आणि यांची ड्यूटी कधी संपायची ते यांनाही माहीत नसायचं. आम्ही एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीत राहायचो. मागच्या दारी फरशीचं छोटं अंगण, अंगणाला दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे त्या क्लबचं मैदान.

शाळेत मी खो-खो खेळायचे, चांगली जिल्ह्यापर्यंत खेळले होते. लग्नानंतर ते बंद झालं, तसं ते सगळ्यांचंच होतं. पण पाय गप्प बसायचे नाहीत. त्या घरात मी खालून वर, वरून खाली उगीचच फिरायचे. खिडकी पुसलेली असली तरी पुन्हा पुसायचे. आणि शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून एकदम हजारभर माणसांचा ओरडा आला की मुलगी दचकून उठायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

शेजारी एक विधवा बाई राहायच्या. साठीच्या असतील, उंच, हाडापेरानं मजबूत. एका शनिवारी त्यांनी मागचं दार वाजवलं. हातात पावाच्या दोन मोठ्या लाद्या होत्या.

"पावाला लोणी लावता येतं ना तुला, लव्ह?"

त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणायच्या, कसायालाही. मी येतं म्हटलं.

"मग चल. आमची एक जण आडवी पडलीय फ्लूनं. बाळ बाबागाडीत घाल."

मैदानाच्या एका कोपऱ्यात चहाची टपरी होती, पत्र्याच्या छपराची. हाफ टाइम झाला की पंधरा मिनिटांत तिथे झुंबड उडायची. बाई पितळी किटलीतून चहा ओतायच्या, मी कप पुढे सरकवायचे. मटणाचं सारण भरलेले 'मीट पाय' विकायचं काम माझ्याकडे नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी न विचारता ठरवून टाकलं. सेकंड हाफ सुरू झाला की गिऱ्हाईक संपायचं. मग आम्ही टपरीच्या दारात उभ्या राहून मॅच बघायचो. आधी मला काही कळेना. पण खेळणाऱ्याच्या डोळ्यांना दुसऱ्याची हुलकावणी ओळखता येते. महिन्याभरात मला ऑफसाइडचा नियम कळला, आणि मी हळूच "अरे डावीकडे दे, डावीकडे मोकळा आहे," असं मराठीत पुटपुटायला लागले. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं ओरड. त्यांना तसंही काही कळत नाही."

इंग्लंडात मोठ्या नामांकित क्लबांची एक लीग असते. तिच्याखाली गावोगावचे लहान क्लब, त्यांना नॉन-लीग म्हणतात. आमचा गोलकीपर पोस्टमन होता. मधोमध उभा राहून बचाव करणारा सेंटर हाफ शाळेत सुतारकाम शिकवायचा. दोघंतिघं तर नोकरी सुटलेलेच होते, गिरणी बंद पडल्यामुळे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. मैदानाला एका बाजूला चांगला उतार होता, त्यामुळे टॉस जिंकला की पहिला हाफ चढाकडे खेळायचं हे ठरलेलं.

क्लबचा इतिहास मला बाईंनी सांगितला, तोही कपडे वाळत घालताना. टीमचे शर्ट धुवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि थोड्याच दिवसांत निम्मे माझ्याकडे आले. चिखलानं जड झालेले ते किरमिजी शर्ट आम्ही दोन अंगणांत मिळून वाळत घालायचो. चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांनी हा क्लब काढला. उन्हाळ्यात क्रिकेट होतं, हिवाळ्यात करायला काही नव्हतं म्हणून. गिरणीच्या मालकानं मागची दलदलीची जमीन खेळायला दिली. पुढे मंदी आली, गिरणीत काम उरलं नाही, तेव्हा बसून राहिलेल्या माणसांनी बॉयलरची राख घमेल्याघमेल्यानं वाहून मैदानाच्या कडेनं बांध घातले, प्रेक्षकांना उभं राहायला. त्यांत बाईंचे वडील होते. मॅचला गर्दी झाली की बाई म्हणायच्या, "सगळे माझ्या बापाच्या पाठीवर उभे आहेत आणि एकालाही ठाऊक नाही." प्रेक्षकांना बसायचं लाकडी स्टँडही त्याच लोकांनी उभं केलं, गिरणीच्या पाडलेल्या शेडच्या तुळया वापरून. दुसऱ्या लढाईच्या आधी एकदा कपच्या मोठ्या स्पर्धेत एक नामांकित क्लब इथे खेळायला आला होता आणि त्याला बरोबरीत सुटावं लागलं होतं. पुन्हा त्यांच्या मैदानावर मॅच झाली तेव्हा आपल्या लोकांनी सहा गोल खाल्ले. पण गावात ते कुणी सांगायचं नाही. सांगायचे ते बरोबरीचं. बाईंचे यजमान त्यानंतर बरीच वर्षं त्या टीममध्ये डाव्या बाजूनं खेळले होते.

यांना माझं हे सगळं पटत नव्हतं. एकदा संध्याकाळी दमून घरी आले तेव्हा अंगणात अकरा शर्ट लटकत होते. ते बघून म्हणाले, "हॉस्पिटलात मला सगळे विचारतात, डॉक्टर, तुमची बायको फुटबॉलवाल्यांचे कपडे धुते म्हणे."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? हो म्हणतो."

"तुम्हीही या ना एखाद्या शनिवारी."

"माझी ड्यूटी असते," हे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्यानंतर वर्षभरानं एका रविवारी जेवताना यांनी सांगितलं की अमेरिकेचं ठरलंय. कागदांवर सह्या झाल्या होत्या. न्यू जर्सीत पुन्हा रेसिडेन्सी करायची, म्हणजे शिकाऊ डॉक्टर म्हणून नव्यानं सुरुवात. "इथे मला पुढे काही नाही," एवढंच म्हणाले. मी का, कसं, काही विचारलं नाही. वाढत राहिले. निघायच्या आदल्या दिवशी बाई भिंतीवरून म्हणाल्या, "फोन महाग पडतो. आपण असं करू. शनिवारी मॅच संपली की मी घरी येऊन तुझा नंबर फिरवीन. बरोबरी झाली तर एकदा वाजवून ठेवून देईन. जिंकलो तर दोनदा. तू उचलायचं नाही."

"आणि हरलात तर?"

"हरल्याचं कशाला कळवायचं?"

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेत आम्ही युनिव्हर्सिटीजवळच्या अपार्टमेंटमध्ये राहिलो. आजूबाजूला आपली शिकणारी मुलं, सगळी चांगली होती, येता-जाता मला वहिनी म्हणायची. तरी मी संध्याकाळी मुलीला घेऊन पार्किंग लॉटभोवती फेऱ्या मारायचे, पिंजऱ्यात फिरल्यासारख्या. गुरुवार आला की वाटायचं, आज सराव असेल. शनिवारी फोन एकदा वाजला की ठीक, पुन्हा वाजला की मी मुलीला उचलून गर्र फिरवायचे. ग्रुपमध्ये सगळ्यांना पुण्याची, मुंबईची आठवण यायची. मलाही अकोल्याची यायची, नाही असं नाही. पण रात्री पडल्यावर मला वास यायचा तो ओल्या राखेचा. परक्या देशातल्या एका परक्या गावासाठी आपला जीव असा तुटावा, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. यांनाही मी सांगितलं नाही.

मग प्लेनो. यांना तिथे चांगली जागा मिळाली, मोठं घर घेतलं, दोन गाड्या आल्या. घरातून पायी निघून कुठे पोहोचावं असं ठिकाण एकही नव्हतं. मी ड्रायव्हिंग शिकले आणि मग उगाचच ड्राइव्ह करत राहायचे, हायवेला लागून दोन एक्झिट पुढे जाऊन परत यायचं.

मुलगी पहिलीत गेली तेव्हा शाळेतून सॉकरचा कागद आला. तिकडे फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ, याला ते सॉकर म्हणतात. आमच्या भागात दर दुसऱ्या घरातलं मूल सॉकर खेळायचं. रविवारी ग्रुपचा मराठी वर्ग असायचा, शनिवारी दुपारी सॉकर. मैदानं सपाट, हिरवीगार, आईबाप फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेले, हाफ टाइमला संत्र्याच्या फोडी. टीमचा कोच म्हणजे एका मुलीचे वडील, चिपच्या कंपनीत इंजिनिअर. भला माणूस. पण त्यानं आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना हसून सांगायचा. दहाच्या दहा मुली चेंडूमागे घोळक्यानं पळायच्या. मी पहिले दोन शनिवार गप्प बसले. तिसऱ्या शनिवारी उठून कडेकडेनं पळत ओरडले, "स्प्रेड आउट! डोंट रन टु द बॉल, रन टु द स्पेस!"

मुलगी जागच्या जागी थांबली. "आई, यू आर येलिंग," ती म्हणाली. "नोबडी एल्सेज मॉम येल्स."

मॅच संपल्यावर कोच माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा बोलणार. तो म्हणाला, "तुम्ही खेळला आहात का?"

"हे नाही. दुसरा खेळ."

"तुम्ही माझ्याबरोबर कोचिंग कराल का? प्लीज."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "पँट घालावी लागेल." आणि दुसऱ्या दिवशी मला मॉलमध्ये घेऊन गेले. मी त्या मुलींना आधी खो-खोतली पळती शिकवली, चेंडू न देता. हुलकावणी द्यायची, अंगाला अंग न लावता निसटायचं. त्यांना ते फार आवडलं. आम्ही बऱ्याचदा हरायचो, पण घोळक्यानं नाही. मला थोडं बरं वाटायला लागलं होतं. शनिवारी सकाळी फोनची वाट बघायची, दुपारी मैदानात जायचं, असं चालू होतं.

त्याच सुमारास इंग्लंडात एका मोठ्या क्लबच्या लाकडी स्टँडला मॅच चालू असताना आग लागली आणि कितीतरी माणसं गेली. आमच्याकडच्या बातम्यांतही ते दाखवलं. मी उभीच राहिले टीव्हीसमोर. आमचं स्टँड अगदी तसंच होतं, खाली तीच जुनी पोकळी, तिच्यात वर्षानुवर्षांचा कागदाचा कचरा. त्या शनिवारी मी नियम मोडून बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी खाली शिरून कचरा काढला, लव्ह. काळजी करू नकोस."

त्याच्या पुढच्या वर्षी सीझन सुरू झाला तेव्हा काही शनिवार फोन वाजला. मग ऑक्टोबरात थांबला. पहिल्या शनिवारी मी म्हटलं, हरले. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी माझं कामात लक्ष लागेना. पीठ मळता मळता हात थांबायचे.

"हरत असतील गं," हे म्हणाले. "लहान टीम आहे."

"इतक्या वेळा? एक बरोबरीसुद्धा नाही?"

"असतो कधी कधी वाईट सीझन."

पण मला तो निकाल वाटेना. बाई जिन्यावरून पडल्या असतील, हॉस्पिटलात असतील, असं काहीबाही मनात यायचं. फोन न वाजणं म्हणजे हरणं, असं आम्ही ठरवलं होतं. फोन न वाजणं म्हणजे माणूसच नाही, हे कसं ओळखायचं ते ठरवलं नव्हतं. पाचव्या की सहाव्या शनिवारी मी नंबर फिरवला. बाईंनी लगेच उचलला.

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? बरी आहे."

"मग फोन?"

बाई म्हणाल्या, "आगीच्या भीतीनं कौन्सिलचा माणूस येऊन स्टँडला कुलूप घालून गेला. नवीन बांधायचं म्हणतात, ते आमच्यानं होणार नाही. कमिटीनं मैदान विकायचं ठरवलंय. सुपरमार्केट होणार आहे इथे. बरोबरी एकदा वाजवून कळवता येते, लव्ह. मैदान विकलं हे मी किती वेळा वाजवून कळवू?"

"तुम्ही मॅचला जाताय ना?"

"मी त्या गेटातून आता आत जाणार नाही," बाई म्हणाल्या.

त्या डिसेंबरात आम्ही दिराच्या लग्नाला इंडियात जाणार होतो. तिकिटं लंडनवरून होती. मी यांना म्हटलं, आपण लंडनला उतरू आणि दोन दिवस वर जाऊन येऊ. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघंच होतो. मुलगी टीव्ही बघत होती.

"त्या गावात मी परत पाय ठेवणार नाही," हे म्हणाले.

इतक्या शांतपणे म्हणाले की मला आधी कळलंच नाही ते चिडलेत. मग त्यांनी सांगितलं. तिथे कन्सल्टंटची, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरची, जागा निघाली होती. यांनीच शिकवलेला, यांच्यापेक्षा कितीतरी वर्षांनी लहान असलेला एक गोरा डॉक्टर होता, त्याला ती मिळाली. इंटरव्ह्यू झाल्यावर यांना थांबवून ठेवलं होतं, सगळ्यांबरोबर त्याचं अभिनंदन करायला. "मी त्याला शेकहँड केला. त्याच्या बायकोलाही केला. घरी आलो तेव्हा तू मैदानावर होतीस. बरं झालं म्हटलं, कुणी बघायला नको."

इतकी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी त्या गावासाठी झुरते हे यांना कळत नाही. आणि यांच्या मनात तेच गाव हे असं रुतून बसलेलं. मी ताटं उचलली. जाण्याचा विषय मी सोडून दिला, म्हणजे तोंडानं सोडला. दोन दिवसांनी हे हॉस्पिटलातून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "तिकिटं बदलून घेतलीत. लंडनला चार दिवस मिळतील. थंडीचे कपडे हाताशी ठेव."

आम्ही शनिवारी सकाळी पोहोचलो. गाव आणखी काळवंडलं होतं, पण बाईंचं घर तसंच. बाई वाकल्या होत्या. मुलीला बघून म्हणाल्या, "ही माझ्या टपरीत काउंटरखाली झोपायची," आणि मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, व्हॉट इज शी सेइंग?" तिला त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं, त्यांना तिचं. बाईंनी यांच्याशी हात मिळवला आणि कोट घेतला. हे खुर्चीच्या कडेवर बसले, आता लगेच उठायचंय अशा बेतानं.

तीन वाजत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "वर चला." मागच्या बेडरूमच्या खिडकीला जाड पडदा होता. तो त्यांनी एका बाजूनं थोडा ओढला. खाली अख्खं मैदान दिसत होतं, उतार, राखेचे बांध, कुलूप घातलेलं स्टँड. खिडकीशी एक खुर्ची होती, तिच्यावर शाल आणि बाजूला चहाचा कप. तेव्हा मला कळलं, बाईंनी एकही मॅच सोडली नव्हती. गेटातून आत न जाता सगळ्या इथून बघितल्या होत्या.

पहिला हाफ आम्ही तिथूनच बघितला, चौघं एका खिडकीत. पाऊस भुरभुरत होता. गर्दी फारच कमी. आमची टीम चढाकडे खेळत होती आणि चेंडू पुन्हा पुन्हा घरंगळत आमच्याच गोलकडे येत होता. पोस्टमन गोलकीपर आता नव्हता, कुणीतरी पोरगेलासा होता. काचेतून आवाज येत नव्हता. मला ते सहन होईना. खेळ बघायचा आणि ओरडायचं नाही, पायाखाली गालिचा. हाफ टाइम झाल्यावर मी म्हटलं, "मी खाली जाते."

बाई म्हणाल्या, "जा. मी नाही येत."

मी कोट घातला तर हेही उठले. मुलगी बाईंजवळ थांबली; त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला होता.

टपरीत एक अनोळखी जोडपं प्लास्टिकच्या पेल्यांतून चहा देत होतं. मला ओळखणारे पाच-सहा जण निघाले. शाळेत सुतारकाम शिकवणारा तो सेंटर हाफ आता खेळत नव्हता, बांधावर उभा होता, अंग सुटलेलं. म्हणाला, "तुझ्यानंतर शर्ट कधी नीट निघालेच नाहीत." यांना कुणीच ओळखलं नाही. हे माझ्या शेजारी उभे राहिले, हात कोटाच्या खिशात. आम्ही उताराकडे खेळत होतो, तरी काही जमत नव्हतं. समोरच्या टीमनं एक गोल मारला. मी मराठीत ओरडत होते, इंग्रजीत ओरडत होते. एकदा आमचा उजवीकडचा पोरगा चांगला निसटला, समोर फक्त गोलकीपर, आणि त्यानं चेंडू पार भिंतीपलीकडे मारला, आमच्या जुन्या अंगणात. तेव्हा माझ्या बाजूनं, "अरे यार!" असा आवाज आला. हे ओरडले होते.

एका गोलनं हरलो. माणसं पांगली. दिवे एकेक करून विझायला लागले. हे म्हणाले, "मला कधी बोलावलं का नाहीस इथे?"

"बोलावलं होतं. तुमची ड्यूटी असायची."

"हो," हे म्हणाले. "असायची." मग बांधावर बूट घासत थोडा वेळ उभे राहिले. "ही राख आहे का खरंच?"

मी त्यांना बाईंच्या वडिलांबद्दल सांगितलं. वर बघितलं तर खिडकीचा पडदा लागला होता.

त्या सीझननंतर ते मैदान गेलं. क्लब शेजारच्या गावातल्या एका क्लबच्या मैदानावर खेळू लागला, त्यांच्या मर्जीनं, त्यांच्या तारखा सांभाळून. गावातली माणसं बसनं तिथवर जाईनात. दोन-तीन वर्षांत क्लब बंद झाला. पुढे कुणीतरी तरुण पोरांनी त्याच नावानं, त्याच किरमिजी रंगात, अगदी तळाच्या लीगमध्ये पार्कच्या मैदानावर पुन्हा सुरू केला असं कळलं. बाई समुद्रकाठी बहिणीकडे राहायला गेल्या. आम्ही नाताळात बोलायचो, साधं, दोन्हीकडून उचलून. त्या फुटबॉलबद्दल बोलायच्या नाहीत. तब्येतीबद्दल, बहिणीच्या कुत्र्याबद्दल बोलायच्या.

आणि माझी शनिवारची तगमग थांबली का? नाही थांबली. उलट आता कशाची वाट बघतोय हेही माहीत नसायचं. नऊ वाजले की मी उठून फिरायला लागायचे. एकदा काकू म्हणाल्या, "बस गं जरा, तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो." मी त्यांना एका शनिवारी दुपारी मैदानावर घेऊन गेले. साडीवर स्वेटर घालून त्या फोल्डिंगच्या खुर्चीत बसल्या, आणि दुसऱ्या हाफमध्ये उभ्या राहून मुलींना "पळ, पळ गं पोरी," म्हणाल्या. त्यानंतर त्या बऱ्याचदा यायच्या.

दशक संपत आलं तेव्हा यांना कॅलिफोर्नियातून विचारणा झाली. सनीव्हेलजवळ, मोठं हॉस्पिटल, मोठी जागा. हे आठवडाभर विषय काढत आणि सोडत होते. शेवटी एका सकाळी गाडीत बसताना म्हणाले, "तुला काय वाटतं?"

इंग्लंड सोडताना, न्यू जर्सी सोडताना हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. घरं, शाळा, मैदानं सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मलाही कुठेतरी निघून जावंसं वाटत होतंच, रोज वाटायचं. पण कुठे, ते सनीव्हेल नव्हतं.

"मला नाही जायचं," मी म्हटलं. "माझ्या मुलींची स्प्रिंगची टीम रजिस्टर झालीय."

हे हसले नाहीत, वादही घातला नाही. गाडी सुरू केली. "बघू," म्हणाले. दोन आठवड्यांनी त्यांनी तिकडे नाही कळवून टाकलं. त्यात यांचं नुकसान किती झालं ते त्यांनी कधी काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या स्प्रिंगला माझ्या मुलीनं सॉकर सोडलं. तिला शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचं होतं आणि प्रॅक्टिस शनिवारीच होती. "आई, इट वॉज ऑल्वेज युअर थिंग," ती म्हणाली, रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग शनिवारी दुपारी हे तिला ऑर्केस्ट्राला सोडायचे, आणि मी दुसऱ्यांच्या दहा मुलींना घेऊन मैदानावर कडेकडेनं पळत असायचे.